पाठीचं माप

माझे वडील गवंडी होते. पावस, गोळप, गणेशगुळे या पट्ट्यात जांभ्या चिऱ्याची बरीच घरं त्यांच्या हातची आहेत. आमच्या पडवीत खुंटीला ओळंबा टांगलेला असे आणि कोनाड्यात पाणसळ. भिंत सरळ आहे की नाही हे बाबा आधी नुसत्या नजरेनं सांगत आणि मग ओळंबा सोडून खात्री करून घेत. नजर चुकल्याचं मला आठवत नाही.

१९७८च्या पावसाळ्याच्या तोंडावर माझी मोठी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा सरला होता. एका संध्याकाळी ती विहिरीवरून कळशी घेऊन खळ्यात शिरली. बाबा तिच्याकडे बाजूनं बघत राहिले आणि आईला म्हणाले, "भिंत फुडं कलली की मागनं टेकू लागतो. हिची पाठच टेकू झालीय. ती कळशी घे आधी तिच्याकडनं." आई म्हणाली, "ह्या दिवसांत पाठ दुखायचीच. आमची काय दुखली नाय?" त्या संध्याकाळी उरलेलं पाणी मी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई पुन्हा विहिरीवर होती.

पुढे मी मुंबईला फिजिओथेरपी शिकले आणि तीसेक वर्षं तोच व्यवसाय केला. बाबांचं वाक्य शास्त्राच्या भाषेत कसं म्हणायचं हे मला अभ्यासक्रमात सापडलं: पोटाचा भार पुढे वाढला की शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि तो पुन्हा पावलांवर आणण्यासाठी स्त्री कमरेतून मागे रेलते. पण हे मोजलं कुणी, कधी आणि कशानं, या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नव्हतं. निवृत्त होऊन पावसला परतल्यावर मी तो प्रश्न हातात घेतला. गरोदर बाईला चिरून बघता येत नाही, तिच्यावर किरण सोडायचे नाहीत, तिला दुखवायचं नाही. मग तिच्या कण्याचं माप घ्यायचं कसं? हा शोध मला पॅरिस, कील, ऑक्सफर्ड अशा गावांतून फिरवून मुंबईला आणि शेवटी आमच्या पडवीत घेऊन आला.

बाहेरून घेतलेली पहिली मापं

अठराव्या शतकातल्या युरोपात प्रसूतिशास्त्रापुढचा सर्वांत भीषण प्रश्न अडलेल्या बाळंतपणाचा होता. मुडदुसानं लहानपणीच हाडं वाकलेल्या मुली मोठ्या होत, त्यांची श्रोणी अरुंद राहिलेली असे आणि बाळ अडे. वाट किती रुंद आहे हे आधी कळलं तर काही उपाय करता येईल, म्हणून मापं सुरू झाली. पॅरिसच्या जाँ-लुई बोदलॉकनं १७८१च्या आपल्या ग्रंथात कंपासासारख्या साधनानं बाहेरून माप घेण्याची रीत सांगितली. कंपासाचं एक टोक पुढे जघनास्थीच्या सांध्यावर ठेवायचं, दुसरं मागे कमरेच्या शेवटच्या मणक्याच्या टोकाखाली. आलेल्या अंतरातून हाडा-मांसाच्या जाडीचे तीन इंच वजा करायचे आणि उरेल ती आतली वाट. हिशेब फार ढोबळ होता आणि पुढे तो भरवशाचा नाही हे सिद्धही झालं. पण या मापात गरोदर स्त्रीचा मणका पहिल्यांदा एका ठरावीक साधनाखाली आला.

दुसरं नाव जर्मनीतल्या कील शहराच्या गुस्ताव अडॉल्फ मिखाएलिसचं. उभ्या स्त्रीच्या कमरेखाली, पाठीमागच्या बाजूला एक चौकोन दिसतो. वर कमरेच्या शेवटच्या मणक्याखालचा खळगा, दोन बाजूंना दोन खळ्या आणि खाली नितंबांमधल्या घडीचं टोक. पतंगासारखा हा आकार आजही 'मिखाएलिसचा चौकोन' म्हणून शिकवला जातो. आत श्रोणीची ठेवण चांगली असेल तर तो सुबक दिसतो, मुडदुसानं श्रोणी चपटी झाली असेल तर त्याचा वरचा भाग बसका होतो. म्हणजे स्त्रीला हात न लावता, नुसत्या उजेडात उभं करून आतल्या हाडांबद्दल काही कळू शकत होतं. त्या दोन खळ्या लक्षात ठेवाव्यात. त्या या गोष्टीत पुन्हा येणार आहेत.

हात न लावता याला त्या काळात वेगळंच वजन होतं. आतून तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हातांबरोबर बाळंतरोग एका स्त्रीकडून दुसरीकडे जात होता. व्हिएन्नात सेमेलवाइसनं क्लोरिनच्या पाण्यानं हात धुवायला लावून मृत्यू कमी करून दाखवले, ती बातमी मिखाएलिसला कळली. त्यानं स्वतःच्या रुग्णालयात ती पद्धत लगेच सुरू केली. पण त्याआधीच त्यानं तपासलेली त्याची एक नातलग बाळंतरोगानं गेली होती. तो रोग आपल्याच हातांनी तिच्यापर्यंत पोचला, या जाणिवेनं तो खचला आणि १८४८च्या ऑगस्टमध्ये त्यानं आत्महत्या केली. अरुंद श्रोणीवरचा त्याचा ग्रंथ त्याच्या माघारी, १८५१ मध्ये प्रसिद्ध झाला.

आतलं खरं चित्र तोवर फक्त प्रेतांवरूनच मिळे. लाइपझिगच्या विल्हेल्म ब्राउननं १८७२ मध्ये गरोदरपणाच्या अखेरीस मेलेल्या एका स्त्रीचं गोठवलेलं शरीर उभं कापून त्याची चित्रं छापली. गर्भाशय, गर्भ आणि मणके एकमेकांना कसे खेटून असतात हे त्यात दिसतं. मात्र ती बाई उभी नव्हती, चालत नव्हती आणि तिच्या डोक्यावर कळशी नव्हती. कण्याचं काम भार पेलण्याचं आहे आणि भार पेलणारा कणा जिवंत माणसातच सापडतो.

या सगळ्या मापांमधलं एक साम्य मला हळूहळू दिसू लागलं. मणका, खळगा, खळ्या या सगळ्या खुणा होत्या. माप बाळाच्या वाटेचं होतं. पाठीचं स्वतःचं काय होतंय हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता.

किरण आले आणि गेले

१८९५च्या नोव्हेंबरमध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि पुढच्या काही दशकांत प्रसूतिशास्त्रानं ते उचलले. जिवंत बाईच्या आतली हाडं आता काचेवर दिसत होती. बाजूनं घेतलेल्या चित्रात श्रोणी, त्रिकास्थी आणि कमरेचे मणके एका ओळीत येत. न्यूयॉर्कच्या कॉल्डवेल आणि मॉलॉय या डॉक्टरांनी १९३३ मध्ये अशा चित्रांवरून स्त्रियांच्या श्रोणीचे चार प्रकार ठरवले, ते आम्हीही पाठ केले होते. युरोप-अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांत गरोदरपणी क्ष-किरण चित्र काढणं ही नेहमीची बाब झाली. तीत काही धोका आहे असं बहुतेकांना वाटत नव्हतं.

इथे गोष्टीत मुंबई येते.

सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहरबाई या १९२४च्या ऑलिंपिकमध्ये साडी नेसून टेनिस खेळलेल्या. १९३१ मध्ये त्या रक्ताच्या कर्करोगानं वारल्या. दोराबजींनी १९३२ मध्ये त्यांच्या नावानं एक न्यास केला आणि जगात कुठेही या रोगावर संशोधन होत असेल तर त्याला मदत करायची असं ठरवलं. त्याच वर्षी दोराबजीही गेले. न्यास चालू राहिला.

वीस वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये डॉ. अॅलिस स्ट्यूअर्ट यांना एक कोडं पडलं होतं. इंग्लंडमध्ये रक्ताच्या कर्करोगानं दगावणाऱ्या लहान मुलांची संख्या वाढत होती आणि कारण कळत नव्हतं. त्यांनी ठरवलं की मुलांच्या आयांनाच विचारायचं. डॉक्टरांच्या नोंदीत नसलेलं काहीतरी आईला आठवत असेल. या कामाला मोठं अनुदान कुणी देईना. लेडी टाटा न्यासाकडून एक हजार पौंड मिळाले, तेवढ्यावर त्यांनी काम सुरू केलं. प्रश्नावल्या छापून त्यांनी ठिकठिकाणच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे पोचवल्या. ज्यांचं मूल कर्करोगानं गेलं त्या आया आणि ज्यांची मुलं धडधाकट होती त्या आया, दोन्ही गटांना तेच प्रश्न विचारले गेले.

उत्तरं परत येऊ लागली तसा एक फरक ठळक दिसू लागला. गरोदरपणी पोटाचं क्ष-किरण चित्र काढलं होतं का, या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्या आया पहिल्या गटात सुमारे दुप्पट होत्या. १९५६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक छोटं टिपण आणि १९५८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये सविस्तर निबंध आला. पुष्कळ डॉक्टरांनी तो मानला नाही. मूल गमावलेली आई कारण शोधत असते, तिच्या आठवणीवर काय विसंबायचं, असा आक्षेप होता. मग १९६२ मध्ये हार्वर्डच्या ब्रायन मॅकमहन यांनी आठवणींना हात न लावता थेट रुग्णालयांच्या नोंदींवरून हिशेब केला. धोक्याचं प्रमाण स्ट्यूअर्ट यांच्यापेक्षा कमी आलं, पण धोका आहेच हे दिसलं. आयांना नीट आठवत होतं. पुढच्या काळात गरोदरपणीचे क्ष-किरण अगदी नाइलाजापुरते उरले.

मुंबईतल्या एका न्यासाचा पैसा या वळणाला कारण झाला, हे मला फिजिओथेरपी शिकताना कुणी सांगितलं नव्हतं. मुंबईतच, पोलिओच्या साथीनंतर, १९५३ मध्ये केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानं फिजिओथेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय निघालं होतं. गरोदर बाईच्या पाठीकडे किरणांशिवाय बघायचं ज्यांच्या वाट्याला येणार होतं, तो व्यवसाय आपल्याकडे त्याच सुमारास उभा राहत होता.

खळ्या पुन्हा येतात

किरण गेले, पण प्रसूतिशास्त्राचं फारसं अडलं नाही, कारण १९५८ मध्येच ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी पोटाच्या आतलं चित्र काढून दाखवलं होतं. आज आपण ज्याला सोनोग्राफी म्हणतो ती तिथून आली. ती निरुपद्रवी होती, पण ती बघत होती गर्भाकडे. आपल्याकडे तर त्या नजरेचा पुढे इतका गैरवापर झाला की गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रालाच करावा लागला. आईची पाठ सोनोग्राफीच्या टेबलावर टेकलेली असायची आणि कुणाच्याच चित्रात येत नसे.

पाठीचा प्रश्न आला तो पाठीच्या दुखण्यातून. १९७७ मध्ये लंडनमध्ये १८० बाळंतिणींना विचारलं गेलं की गरोदरपणी पाठ दुखली का. ४८ टक्के 'हो' म्हणाल्या. 'दुखायचीच' म्हणून सोडून दिलेली गोष्ट आकड्यात आली, तेव्हा ती गोष्ट निम्म्या बायकांची निघाली. मग कारण शोधणं आलं आणि पहिला संशय अर्थातच कमरेच्या बाकावर गेला. पोट पुढे, म्हणून कमर आत, म्हणून दुखणं. बाबांच्या टेकूचाच हा सिद्धान्त. तो तपासायला बाहेरून घ्यायचं माप हवं होतं आणि या वेळी ते खरोखर पाठीचंच माप होतं.

साधनं साधी होती. एक तर ओळंबाच. कानाच्या पाळीजवळून दोरा सोडायचा आणि खांदा, कंबर, गुडघा, घोटा त्यापासून किती पुढे-मागे आहेत ते टिपायचं. दुसरं साधन आरेखनकार वक्ररेषा काढायला वापरतात ती लवचीक पट्टी. मणक्यांच्या टोकांवरून ती पाठीला चिकटवून बसवायची, अलगद उचलून कागदावर ठेवायची आणि कडेनं पेन्सिल फिरवायची. कागदावर पाठीची बाजू उमटते: वर छातीमागचा बाहेरचा बाक, खाली कमरेचा आतला बाक. बाकाची लांबी आणि खोली मोजली की कोन काढता येतो.

मग प्रकाश आला. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर आले की पाण्यावरच्या वलयांसारख्या रेषा दिसतात, आपण हललो की त्याही हलतात. जपानच्या हिरोशी ताकासाकी यांनी १९७० मध्ये यातूनच शरीराचा नकाशा काढण्याची रीत मांडली. पाठीसमोर बारीक समांतर धाग्यांची जाळी धरायची आणि तिरका प्रकाश सोडायचा. धागे आणि त्यांच्या पाठीवर पडलेल्या सावल्या मिसळून, डोंगराच्या नकाशावर असतात तशा समान उंचीच्या रेषा पाठीवर उमटतात.

१९८०च्या दशकात जर्मनीतल्या म्युन्स्टरमध्ये ड्रेरुप आणि हियरहोल्त्सर यांनी पुढची पायरी गाठली. पाठीवर प्रकाशाच्या आडव्या रेषा टाकायच्या, दुसऱ्या कोनातून छायाचित्र घ्यायचं आणि त्या रेषा कुठे किती वाकल्या यावरून संगणकानं पाठीचा संपूर्ण पृष्ठभाग उभा करायचा. स्त्रीनं उघड्या पाठीनं काही क्षण उभं राहायचं, एवढंच. पण संगणकाला एवढ्या पृष्ठभागावर कणा सापडणार कसा? त्याला पक्क्या खुणा लागतात. एक मानेच्या तळाशी पुढे आलेला मणका आणि दुसऱ्या, कमरेखालच्या दोन खळ्या. मिखाएलिसनं पाहिल्या त्याच. सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्या पुन्हा कामाला आल्या आणि या खेपेला त्या बाळाच्या वाटेची खूण म्हणून आलेल्या नव्हत्या.

बाक एकीकडे, दुखणं दुसरीकडे

आता या मापांतून काय निघालं ते सांगायला हवं आणि इथेच माझी स्वतःची पंचाईत झाली. बाबांचा टेकू सिद्ध होईल अशी माझी अपेक्षा होती.

ऑस्ट्रेलियात १९८७ मध्ये ३४ गरोदर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. महिने वाढत गेले तसे त्यांच्या छातीमागचा आणि कमरेचा असे दोन्ही बाक वाढले. पण ज्यांचा बाक जास्त त्यांची पाठ जास्त दुखते, असं काही आढळलं नाही. १९९८च्या एका अमेरिकी अभ्यासातही कमरेचा बाक वाढला आणि दुखण्याशी त्याचा संबंध लागला नाही. २०१५ मध्ये जर्मनीत प्रकाशरेषांच्या पद्धतीनं मापं घेतली, तेव्हा छातीमागचा बाक वाढलेला दिसला, कमरेचा मात्र लक्षात येण्याजोगा वाढलेला नव्हता.

हे अभ्यास लहान आहेत आणि मापांनाही मर्यादा आहेत. प्रकाश किंवा पट्टी त्वचेचा आकार सांगतात, मणक्यांचा नाही. गरोदरपणी अंगावर सूज आणि चरबी येते, खळ्या बुजतात. शिवाय 'सरळ उभी राहा' म्हटलं की कुणीही बाई नेहमीसारखी उभी राहत नाही. पण एवढं वजा केलं तरी एक गोष्ट उरते: प्रत्येक बाई भार आपल्या पद्धतीनं पेलते. एक कमरेतून मागे जाते, दुसरी खांदे मागे टाकते, तिसरी पावलं फाकवून उभी राहते. सरासरी काढली की या तिघीही तिच्यात दिसेनाशा होतात.

याच मापांनी दुसऱ्या एका प्रश्नाला सुंदर उत्तर दिलं. २००७ मध्ये 'नेचर'मध्ये व्हिटकम, शपिरो आणि लीबरमन यांचा निबंध आला. त्यांनी १९ गरोदर स्त्रियांच्या त्वचेवर खुणा लावून त्यांचं उभं राहणं, चालणं कॅमेऱ्यांनी टिपलं. भार वाढत जाईल तसा काहींच्या कमरेचा बाक साठ टक्क्यांपर्यंत वाढला आणि गुरुत्वमध्य मात्र नितंबांच्या सांध्यांवर जागच्या जागी राहिला. मग त्यांनी हाडं तपासली. पुरुषाच्या कमरेचा बाक मुख्यतः दोन पाचरीसारख्या मणक्यांवर पडतो, स्त्रीचा तीन मणक्यांवर. वाकण्याचा ताण तिच्याकडे विभागला जातो. असाच फरक आफ्रिकेतल्या वीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वीच्या, दोन पायांवर चालणाऱ्या पूर्वजांच्या मणक्यांतही त्यांना दिसला. म्हणजे टेकू खराच होता. तो त्या कळशीनं त्या संध्याकाळी तयार केलेला नव्हता, तर फार पूर्वीपासून स्त्रीच्या कण्यात बांधलेला होता.

म्हणून मला वाटतं, बाक हे दुखण्याचं कारण मानण्यातच चूक होती. बाक हा भार पेलण्याचा उपाय आहे. भिंतीला टेकू दिला म्हणून भिंत पडत नाही.

मग दुखतं कशानं? संप्रेरकांमुळे सांधे सैल होतात, हे एक उत्तर आहे. फ्रेडरिक हिसॉ यांनी १९२६ मध्ये गिनीपिगवर दाखवलेलं 'रिलॅक्सिन' त्यासाठी प्रसिद्ध आहे, पण त्याची रक्तातली पातळी आणि दुखणं यांचा मेळही नीट बसलेला नाही. मला अधिक विचार करायला लावणारं उत्तर एका अगदी वेगळ्या मापातून मिळालं. ते माप उंचीचं होतं.

सकाळची उंची, संध्याकाळची उंची

इंग्लंडमधल्या वॉस नावाच्या एका धर्मोपदेशकानं १७२४ मध्ये रॉयल सोसायटीला कळवलं की माणूस सकाळी उंच असतो आणि रात्री ठेंगणा. मणक्यांमधल्या चकत्यांत पाणी असतं. दिवसभराच्या भारानं ते थोडं थोडं बाहेर पडतं, चकत्या दबतात आणि आडवं झाल्यावर पाणी पुन्हा आत शिरतं. बुडापेस्टच्या द पुकी यांनी १९३५ मध्ये १,२१६ माणसांची उंची सकाळ-संध्याकाळ मोजली, तेव्हा सरासरी फरक १५.७ मिलिमीटर निघाला. १९८४ मध्ये नॉटिंगहॅममध्ये एकलुंड आणि कॉर्लेट यांनी यालाच साधन बनवलं. माणसाला खास चौकटीत नेमक्या त्याच पद्धतीनं पुन्हा पुन्हा उभं करून मिलिमीटरच्या अंशात उंची मोजायची. उंची किती घटली यावरून कण्यावर किती भार पडला ते कळतं. ना सुई, ना किरण.

२००३ मध्ये इंग्लंडमधल्या एका अभ्यासात हे माप गरोदर स्त्रियांवर वापरलं गेलं. काहींची पाठ दुखत होती, काहींची नव्हती. जोडीला गरोदर नसलेल्या स्त्रियाही होत्या. सगळ्यांना चालायला लावलं, मग विश्रांती दिली आणि उंची मोजत राहिले. दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या स्त्रियांतला फरक दिसला तो उंची परत येण्यात. ज्यांची पाठ दुखत होती त्यांची घटलेली उंची विश्रांतीनंतरही पुरेशी भरून येत नव्हती, आणि जितकी कमी भरून येई तितकं दुखणं जास्त.

अभ्यास छोटाच आहे, त्यावर मोठा इमला चढवू नये. पण कण्याकडे बघायची दिशा त्यानं बदलते. आकार काय आहे यापेक्षा सावरायला वेळ मिळतो का, हा प्रश्न पुढे येतो. आणि तो प्रश्न एकट्या हाडांचा राहत नाही. घरात पाणी कोण भरतं इथपर्यंत तो जातो.

योगायोग असा की त्याच २००३ साली पुण्याजवळच्या गावांतून आलेला एक निबंध प्रसिद्ध झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा गावांतल्या जवळजवळ आठशे गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला होता. टेप, वजनकाटा आणि प्रश्नावली ही त्यातली मुख्य हत्यारं. स्त्रिया काय खातात याबरोबर त्या किती कष्ट करतात, शेतात किती, पाण्यासाठी किती, हेही विचारलं होतं. जिचं काम अधिक जड, तिच्या बाळाचं सरासरी वजन, डोक्याचा आणि दंडाचा घेर कमी भरला. अभ्यास बाळाच्या वाढीचा होता, त्यामुळे पाठ हा त्यातला प्रश्न नव्हता. तरी गरोदर बाईच्या डोक्यावरचा हंडा हा शास्त्राच्या नोंदीत घ्यायचा विषय आहे, हे महाराष्ट्रातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. भाताच्या लावणीला इरलं पाठीवर घेऊन दिवसभर ओणवं राहणाऱ्या कोकणातल्या बायकांसाठीही कुणीतरी ती प्रश्नावली घेऊन यायला हवं, असं ते वाचताना मला वाटलं.

कार्डावरचा रकाना

गेल्या वर्षी ताईची धाकटी सून गरोदर होती आणि सातव्यानंतर पावसला आमच्याकडे राहिली. तिच्या परवानगीनं मी दर पंधरवड्याला तिच्या पाठीचं माप घेतलं. साधन म्हणजे बाजारातली लवचीक पट्टी, बाबांचा ओळंबा आणि वर्तमानपत्राचा कोरा कागद. कागद एकावर एक ठेवून उजेडाकडे धरले तर रेषा थोड्याशाच सरकलेल्या दिसत. कोन काढून मी काही शोधलं असा दावा करणार नाही.

तिच्याजवळ माता व बालसंरक्षण कार्ड होतं. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, गर्भाशयाची उंची, बाळाचे ठोके, सगळं नीट भरलेलं. पाठीचा वेगळा रकाना त्यावर नाही. 'काही तक्रार' असा एक रकाना मात्र आहे. तिच्या कार्डावर त्यात प्रत्येक वेळी आडवी रेघ होती. मी तिला विचारलं, पाठ दुखत नाही का? ती म्हणाली, "दुखते ना मावशी. रात्री कूससुद्धा बदलता येत नाही. पण ती काय तक्रार म्हणून सांगायची?"

रेघ ओढणाऱ्याची चूक नव्हती. सांगायची गोष्ट आहे असं तिलाच वाटत नव्हतं, कारण तिच्या सासूला वाटलं नव्हतं आणि त्याआधी माझ्या आईलाही. मी पट्टी बाजूला ठेवली आणि वहीत दोन रकाने आखले: आज किती वेळ उभी होतीस आणि दुपारी किती वेळ आडवी झालीस. आठवड्याभरात तिच्याच लक्षात आलं की वाईट रात्रींच्या आधीच्या दुपारी ती टेकलेलीच नव्हती. मग दुपारची भांडी ताईच्या मुलानं घासायला घेतली. पाठ पूर्ण थांबली नाही, पण झोप लागू लागली.

तिच्या बाळंतपणानंतर ताईनं ते कागद बघायला मागितले. ती आता सत्तरीकडे आलीय आणि पाखाडी चढताना तिला दोनदा थांबावं लागतं. रेषांवरून बोट फिरवत ती म्हणाली, "माझ्या येळेला असं कुणी मापलं असतं, तर आज पाठ बरी असती का गो?"

मी तिला खरं तेच सांगितलं. माप घेऊन बाक कळला असता, बाकावरून दुखणं कळलं नसतं. ते कळायला तुला विचारावं लागलं असतं, आणि विचारल्यावर कळशी दुसऱ्या कुणीतरी उचलावी लागली असती. बाबांनी बघितलं होतं, बोललेही होते.

"एक दिवस आणलंस की तू पानी," ताई म्हणाली आणि कागदांची गुंडाळी करून माझ्या हातात दिली.